फोटोचा पिवळा फ्रॉक

फोटोमावशीसमोर एक गोष्ट बोलायची सोय नाही. तिच्या कुठल्याही फोटोकडे बोट दाखवून "हे पोर जरा रडवेलं दिसतंय का हो?" असं तुम्ही म्हणालात, की संपलंच. ती तुम्हाला खुर्चीत बसवणार, तुमचा चष्मा काढून पुसून परत देणार, फोटो उजेडात धरणार आणि "छे छे, हसतंयच की" असं तुमच्या तोंडून निघेपर्यंत उठू म्हणून देणार नाही. गेली बत्तीस वर्षं ती अनाथ मुलांच्या संस्थेत दरवर्षी एक दिवस जाते आणि तिथल्या एकूण एक मुलाचा फोटो काढते. या बत्तीस वर्षांत आपल्या कॅमेऱ्यातून एकही रडकं पोर बाहेर पडलेलं नाही, हे ती ओळखीच्याला सांगते, अनोळखी माणसालाही सांगते, आणि पासपोर्टच्या फोटोला हनुवटी वर करून बसलेल्या गिऱ्हाइकाला तर हमखास सांगते, कारण त्या बिचाऱ्याला हलता येत नसतं.

तिचं दुकान चौकातून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर, बूट दुरुस्त करणारा आणि औषधवाला यांच्या मध्ये. दुकान म्हणजे अर्धं तिचं, अर्धं नवऱ्याचं. आत शिरलं की डाव्या हाताला काचेच्या पेटीमागे नवरा डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडून बसलेला असतो. उजवीकडे जाड पडदा, पडद्यामागे स्टुडिओ. तिथल्या मागच्या भिंतीवर तिच्या वडिलांनी रंगवून घेतलेलं तळं आणि दोन बदकं आहेत. एका बदकाची मान आता पार पुसली गेली आहे, म्हणून माणसं नेमकी त्याच्यापुढे बसवायची असतात. नवरा बोलायला अगदी कमी. लोक म्हणतात, त्याच्या वाटचं सगळं मावशीच बोलून टाकते, त्याच्यासाठी उरतंच काय? तो हे ऐकतो आणि घड्याळाचं झाकण लावतो.

संस्थेचं काम तिच्याकडे वडिलांकडून आलं. वडील गुडघ्यांनी थकले आणि कॅमेरा हिच्या गळ्यात पडला. पहिल्याच वर्षी ही गेली, तर मुलांना ओळीत उभं केलेलं, आणि प्रत्येकाच्या छातीशी खडूने नंबर लिहिलेली पाटी. मावशीचं डोकंच फिरलं. "ही काय पाकीटमारी करताना सापडलीत?" तिने तिथल्या मोठ्या बाईंना विचारलं. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख, शिस्तीच्या, आवाजात जरब. त्या म्हणाल्या, फाइलला नंबर लागतो. मावशी म्हणाली, नंबर फोटोच्या मागे लिहा, पोराच्या छातीवर कशाला? आणि पहिल्याच पोराची पाटी काढून घेऊन स्वतःच्या पिशवीत टाकली. ती पाटी अजून दुकानात आहे, तिच्यावर ती दूधवाल्याचे खाडे मांडते.

त्या दिवसापासून संस्थेत फोटो मावशीच्या पद्धतीने. तिची पद्धत तशी साधी. "हसा" हा शब्द काढायचा नाही. तिचं म्हणणं असं की "हसा" म्हटलं की मूल दात दाखवतं, हसत नाही. त्याऐवजी ती येतानाच चपला उलट्या घालून यायची, डावी उजव्यात आणि उजवी डाव्यात. मुलांच्या ते हटकून लक्षात यायचं. मग ती ऐकू न आल्यासारखं करायची, पाय बघायची, डोकं खाजवायची, चपला काढायची आणि परत उलट्याच घालायची. इतक्या मोठ्या बाईला चपला घालता येत नाहीत, याचा मुलांना काय आनंद व्हायचा! चपलेला न हसणाऱ्यांसाठी दुसरं काहीतरी शोधायचं, कोणाला खोटी शिंक, कोणाला कॅमेऱ्याच्या पिशवीशी भांडण. आणि घरी आलं की एका वहीत लिहून ठेवायचं, कोण कशाला हसलं. पुढच्या वर्षी उपयोगी पडतं.

आता फ्रॉकचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्या फ्रॉकमुळे झाला. संस्थेतल्या मुलांचे कपडे धुऊन धुऊन विरलेले असायचे. पण कोणीतरी दिलेला एक फ्रॉक मोठ्या बाईंनी कपाटात जपून ठेवला होता, पिवळा, पांढऱ्या कॉलरचा. तो फोटोचा फ्रॉक. मुलग्यांसाठी तसाच एक निळा शर्ट. फोटोच्या दिवशी एका मुलीच्या अंगातून उतरला की दुसरीच्या अंगात. सैल झाला तर पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. पुढून बघाल तर राजकन्या, मागून बघाल तर दोरीवरचं धुणं. त्यात लहान मुलींचे केस उवांमुळे बारीक कापलेले. त्यामुळे संस्थेच्या जुन्या फोटोंमधल्या लहान मुली पटकन बघणाऱ्याला सगळ्या एकसारख्या दिसतात. मावशीला मात्र नाही. चेहरा एकदा बघितला की आपण जन्मात विसरत नाही, ही तिची दुसरी बढाई.

तर त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मुंगी दुकानात आली. मुंगी संस्थेत वाढली. मुंगी हे नाव तिला मावशीनेच पाडलं, कारण पहिल्या भेटीत पोरगी कडकडून चावली होती. दीड वर्षांची होती, संस्थेत आणून सोडल्याला पुरता आठवडाही झाला नव्हता. आता मोठ्या दवाखान्यात रक्त काढून घ्यायच्या खोलीत नोकरी करते. मावशी म्हणते, हिने धंदा बदलला नाही, आधी दाताने टोचायची, आता सुईने. लग्न झालंय, माणसं बरी मिळालीत. कडेवर सव्वा वर्षांची लेक. संस्थेतून बाहेर पडल्यापासून मुंगी वर्षातून चार-सहा वेळा दुकानात येते, स्टुलावर बसून पोटभर गप्पा मारते, जाताना मावशी तिला रिकाम्या हाताने पाठवत नाही. याला माहेर म्हणतात का ते त्या दोघींनी कधी बोलून ठरवलं नाही, पण मुंगीची सासू मात्र "जा, माहेरी जाऊन ये" असंच म्हणते.

लेकीने मावशीला बघितलं आणि भोकाड पसरलं. मावशीने चपला उलट्या केल्या, शिंक काढली, पिशवीला रागावली. काही उपयोग नाही. पोरीने उजवा कान मुठीत गच्च धरला आणि आवाज आणखी चढवला. मुंगी म्हणाली, हे असंच आहे, रडायला लागली की कान धरते. सासूला वाटतं कान दुखतो, म्हणून ती रोज कानात औषध घालते. दोनदा डॉक्टरांना दाखवलं, कानात काही नाही. मग काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, पेटीतून एक टिकटिक करणारं गजराचं घड्याळ काढलं, पोरीच्या पुढ्यात ठेवलं, आणि दहा मिनिटांत पोरगी काकांच्या मांडीवर घड्याळ पोटाशी धरून झोपली. मावशीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बत्तीस वर्षांची विद्या एका गजराने खाल्ली.

मुंगीने पर्समधून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात तो फोटो. पिवळा फ्रॉक, पांढरी कॉलर, बारीक केस, आणि डाव्या गालावर ही एवढी खोल खळी. मुंगीचा तान्हेपणाचा एवढा एकच फोटो. पुढच्या दोन वर्षांत एकदा गोवर आला आणि एकदा संस्थेच्या छपराचं काम निघालं, फोटोचा दिवस झालाच नाही. त्यानंतरच्या फोटोत ती साडेचार वर्षांची, दातवाली, चेहराच बदललेला.

मग तिने आल्याचं कारण सांगितलं, आणि ते सांगताना ती फोटोकडेच बघत होती. लेक झाल्यापासून घरात एकच चर्चा, कोणावर गेली. नाक सासऱ्यांचं, कपाळ आत्याचं, बोटं नवऱ्याची, झोपायची पद्धतसुद्धा दिराची. घरातली माणसं काही वाईट मनाने बोलत नाहीत, हौसेने बोलतात. पण सगळी पोरगी त्यांनी आपापसात वाटून घेतली, आणि हिच्या वाट्याला काहीच आलं नाही. हिच्याकडे दाखवायला आई नाही, मावशी नाही, आजी नाही. आहे तो हा फोटो. फोटो लेकीच्या चेहऱ्याशेजारी धरून तिने किती वेळा बघितलं. काही म्हणजे काही जुळत नाही.

"खळी गेली ती गेली," मुंगी म्हणाली. "पण मावशी, तू वहीत लिहितेस ना कोण कशाला हसलं ते? मी तेव्हा कशाला हसले होते ते बघ ना. घरी जाऊन तेच हिच्यापुढे करून बघते. हीपण त्यालाच हसली, तर माझं काहीतरी आलंय तिच्यात असं म्हणता येईल."

मावशीने वहीकडे हात नेला आणि मागे घेतला.

कारण त्या दिवशी मुंगी हसलीच नव्हती. फोटोतली पोरगी मुंगी नव्हतीच.

झालं होतं ते असं. मावशीचं ते संस्थेतलं सहावं वर्ष. बढाई तेव्हाच गावभर झालेली. नव्याने आलेल्या या दीड वर्षाच्या पोरीने फ्रॉक घालतानाच रडायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. चपला झाल्या, शिंक झाली, मोठ्या बाईंनी ओढणी डोक्यावर घेऊन म्हातारीचं सोंगसुद्धा केलं, मोठ्या बाईंनी! पोरगी मावशीच्या बोटाला चावली आणि रडत राहिली. सात फोटो काढले, सातही रडके. मावशीने हात टेकले. त्याच दिवशी तिच्याच वयाची दुसरी एक मुलगी होती, खळीवाली, कशालाही हसणारी. तिचे चार फोटो छान आले होते. फोटो धुऊन येईपर्यंत त्या खळीवालीला एका लांबच्या गावचे आईबाप मिळाले आणि ती गेलीसुद्धा. तिचा फोटो तिच्यामागे पाठवला. आणि संस्थेत प्रत्येक खाटेच्या वर भिंतीवर त्या त्या मुलाचा फोटो लावायची पद्धत. एका खाटेवरची भिंत रिकामी ठेवायची? की तिथे रडणारं तोंड लावायचं? मावशीने खळीवालीच्या उरलेल्या तीन फोटोंतला एक उचलला आणि मागे मुंगीचा नंबर लिहिला. तोच फ्रॉक, तेच केस. कोणाच्या बापाला कळत नव्हतं. नवऱ्याने चौकट ठोकताना फक्त एकदा वर बघितलं होतं.

वाईट हेतू नव्हता, हे कबूल. पण त्यात निम्मी त्या पोरीची कणव होती आणि निम्मा स्वतःचा तोरा, हेही खरं. मुंगी दहा वर्षांची असताना तिने विचारलं होतं, माझी खळी कुठे गेली? तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तेव्हा मावशीने काय सांगितलं? गाल उतरले की खळी जाते. एकावर एक थाप.

आताही सोपं होतं. वही काढल्यासारखं करायचं आणि म्हणायचं, टाळीला हसली होतीस. टाळीला कुठलंही पोर हसतं. लेक हसली असती, मुंगी खूश, मावशी खूश. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आला होता. तिने वही ओढली, पान उलटायचं नाटकही केलं.

"टा..." ती म्हणाली आणि थांबली, कारण मुंगी बोलत होती. मुंगी स्वतःशीच हसत सांगत होती की खळी जाते म्हटल्यावर तिने ती परत आणायचा किती खटाटोप केला. वर्षभर रोज अभ्यासाला बसलं की पेन्सिल गालात रुतवून धरायची. डावा गाल, फोटोत आहे तिथेच. गालावर शिशाचा काळा ठिपका उमटायचा आणि मोठ्या बाई रोज तोंड धुवायला पाठवायच्या. "एकदा तर इतकी दाबली की आतून रक्त आलं," मुंगी म्हणाली. "वेडी होते मी."

काचेच्या पेटीमागे घड्याळाची टिकटिक चालू होती. मग काकांचा आवाज आला. अगदी हळू, मांडीवरचं पोर उठू नये म्हणून.

"सांगून टाक गं आता."

मावशीने वही मुंगीच्या हातात दिली. स्वतःच्या तोंडाने सांगण्याआधी तिला अक्षर दिसू दे, म्हणून. सहाव्या वर्षाचं पान. वरून नवव्या ओळीवर लिहिलं होतं: "नवीन पोरगी. मुंगी. चावली. हसली नाही."

मुंगीने ते दोनदा वाचलं.

मग मावशीने सगळं सांगितलं. मान खाली घालून नाही, रडून नाही, ते तिच्या रक्तातच नाही. स्टुलावर ताठ बसून, मुंगीच्या डोळ्यांत बघून, फ्रॉकपासून थापेपर्यंत सगळं, आपला तोराही न लपवता. "तुझं हसू माझ्याकडे नव्हतं, म्हणून दुसरीचं उचलून तुला दिलं," ती म्हणाली. "चूक माझी. गोवराला आणि छपराला दोष देऊ नकोस, मोठ्या बाईंनाही देऊ नकोस. आणि ती पेन्सिलही माझ्याच नावावर लिही."

मुंगीने वही मिटली. तिला राग आला होता, आणि तो दिसत होता. हातातल्या फोटोवरून ती अंगठा फिरवत होती, जसा सव्वीस वर्षं फिरवत आली असेल, आणि मध्येच थांबत होती, कारण आता ते तोंड परक्याचं होतं. मावशीला वाटलं, ही आता उठणार, पोर उचलणार आणि या दुकानाची पायरी परत चढणार नाही. त्या दोन-तीन मिनिटांत ती जितकी घाबरली, तितकी ती वडिलांच्या आजारपणातसुद्धा घाबरली नव्हती. हे तिने नंतर काकांना सांगितलं, आणि काकांनी ते मला सांगितलं, म्हणून मला माहीत.

"मग माझे सात फोटो कुठे आहेत?" मुंगी म्हणाली.

मावशी उठली. तिच्या दुसऱ्या कशातही खोट काढा, पण वस्तू जपून ठेवण्यात काढू नका. वडिलांपासूनची प्रत्येक फिल्म बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, डब्यावर साल, आत बटरपेपरच्या पाकिटात पट्ट्या. त्या सालाचा डबा वरच्या फळीवर होता. तिने स्टूल लावलं, डबा काढला, झाकणाशी झटापट केली, आणि पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली. काकांनी पोर न हलवता डोळ्याचं भिंग पुढे केलं. मुंगीने भिंग लावून बघितलं. फिल्मवर सगळं उलटं असतं, गोरं ते काळं आणि काळं ते पांढरं. तिला एक उघडं तोंड तेवढं कळलं, बाकी काही लागेना.

"थांब, सुलटं करून देते," म्हणून मावशीने पट्टी मशीनमध्ये सरकवली आणि संगणक लावला. त्या सात फोटोंकडे तिने स्वतःही तेव्हापासून ढुंकून बघितलं नव्हतं. हरलेली बाजी कोण परत बघतं?

चित्र वरून खाली हळूहळू उतरायला लागलं. आधी बारीक केस. मग कपाळाला पडलेल्या आठ्या. मिटलेले डोळे. नाक, त्याच्याखाली जे असायचं ते. मग तोंड, असं उघडलेलं की आतले चार दात मोजून घ्यावेत. आणि तोंडाच्या बाजूला, पिवळ्या फ्रॉकच्या बाहीतून वर आलेला एक गुबगुबीत हात, आणि त्या हाताच्या मुठीत गच्च धरलेला उजवा कान.

मुंगी पुढे वाकली.

मावशीने दुसरा फोटो लावला. कान. तिसरा. कान. चौथ्यात तोंड बाजूला वळलं होतं, फ्रॉक खांद्यावरून घसरला होता, चिमटा पुढे आला होता, पण मूठ जागच्या जागी होती. सातही फोटोंत पोरीने कान सोडला नव्हता. एखाद्याने जगात धरायला दुसरं काहीच नाही म्हणून स्वतःलाच धरून ठेवावं, तसं.

मुंगीने संगणकाच्या काचेवर बोट टेकवलं.  

"ही मी," ती म्हणाली.

"तूच," मावशी म्हणाली. "चावून झाल्यावरची."

मुंगी रडायला लागली. हसतही होती, पण रडणं जास्त होतं. आणि रडता रडता तिचा उजवा हात वर गेला आणि केसांखालून कानाची पाळी धरून बसला. तिच्या हे गावीही नव्हतं. संस्थेत पाच-सहा वर्षांची झाल्यावर तिला कोणी रडताना बघितलंच नव्हतं, मग सांगणार कोण? मावशीने बघितलं, काकांनी बघितलं. आणि या गडबडीत गजराचं घड्याळ खाली पडलं, खणखणा वाजलं, लेक दचकून उठली, आईला रडताना बघून तिनेही सूर लावला, आणि काकांच्या मांडीवरून आईकडे झेपावता झेपावता आपला कान पकडला.

आता इथे मावशीने जे केलं, ते बत्तीस वर्षांत केलं नव्हतं. तिने चपला उलट्या केल्या नाहीत. शिंक काढली नाही. तिने खुंटीवरचा कॅमेरा ओढला, मायलेकींना जिथे होत्या तिथेच ठेवलं, बदकं नाहीत, तळं नाही, मागे नुसत्या डब्यांच्या फळ्या, आणि पटापट फोटो काढले. दोघी रडतायत. दोघींचे हात कानाला. काढताना तिच्या स्वतःच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण फोटो हलला नाही. हे तिने मला तीनदा सांगितलं, त्यावरून माणूस मुळापासून बदलत नाही हे ध्यानात घ्या.

डोळे पुसून झाल्यावर मावशीने सातांतला दुसरा फोटो छापला, मोठ्या आकारात, आणि ओला असल्यासारखा जपून मुंगीच्या हातात दिला. मागे तिने पेनाने लिहिलं, मुंगी, दीड वर्ष, हसली नाही. खळीवालीचा फोटो ती परत घ्यायला गेली, तर मुंगीने तो दिला नाही. इतकी वर्षं आपण तिला सांभाळलं, आता कुठे घालवायची, असं म्हणून पाकिटात ठेवून दिला. मावशीला माफ केलं की नाही, ते काही ती बोलली नाही. फक्त निघताना म्हणाली, पुढच्या महिन्यात येते, तेव्हा त्या उलट्या चपलांची गंमत हिला परत दाखव, जरा मोठी झालेली असेल. मावशीने तेवढ्यावर समाधान मानलं, आणि तिच्यासारख्या बाईने एवढ्यावर गप्प बसणं ही काही लहान गोष्ट नाही.

दारात पोचल्यावर मुंगीचा फोन वाजला. सासू होती. पोर जेवलं का, ऊन झालंय, उशीर करू नको, आणि हो, दुपारचं कानातलं औषध राहिलंय, बाटली पिशवीत घातलीय का.

मुंगीने लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. पायरीवर उभं राहून, रस्त्यावरच्या बूटवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती बोलली.

"आई, आता ते औषध बंद करा. कान दुखत नाही तिचा. ती माझ्यावर गेलीय."